बावीस हात

मेडिकलच्या दुकानात दंडाला बीपीचा पट्टा आवळला आणि रबराचा वास आला, की मला एका आमदारांचं ऑफिस आठवतं. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण द्यावेत हे कायद्यानं ठरवा, असं संघटनेचं निवेदन घेऊन माझी बायको ड्युटीवरून थेट गणवेशातच तिथं गेली होती. तिच्या वॉर्डाचे महिन्याभराचे आकडे मी दोनदा तपासून जोडले होते, म्हणून मीही सोबत होतो. आमदारांनी निवेदन न उघडता टेबलावर ठेवलं आणि बाही वर केली. “सिस्टर, आल्या तं जरा आमचं बीपी पाहून द्या.” कपाटातून यंत्र निघालं. मग पीए, ड्रायव्हर, बाकावरचे सगळे रांगेला लागले. “घाई नोका करू बाई, नीट पाहा,” एकानं बजावलं. ड्रायव्हरचं पाहून होताच आमदार गाडीत बसून निघून गेले. रिसोडच्या एसटीत मी चिडून म्हणालो, “एकटीनं बावीस जणांचं पाहलं तू.” खिडकीबाहेर सोयाबीनकडे बघत ती म्हणाली, “तेवीस. तुमी सोताले धरलंच नाही.” आकड्यांत मी सहसा चुकत नाही. तेव्हापासून घरात नर्स असूनही मी बीपी बाहेरच तपासून घेतो.