गाळातलं गाव

सत्तरच्या दशकात मी लखनऊच्या एका प्रयोगशाळेत होतो. तिथे मातीचे नमुने कुटायला एक म्हातारा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. गंगा समुद्राला मिळते तिथल्या गाळाच्या पिशव्या आल्या, की तो चपला दाराबाहेर काढायचा. बाकी कुठल्याही मातीसाठी नाही.

जानेवारीच्या थंडीत तो अनवाणी दिसला तेव्हा मी वैतागून कारण विचारलं. बत्ता थांबवून तो म्हणाला, "साहब, हमारा गाँव घाघरा नदी काट ले गई. घाघरा गंगा में जाती है. आपकी मशीन बता देती है न, मिट्टी कहाँ से आई?"

मशीन गाळातले धातू मोजून डोंगर ओळखतं, गाव नाही. तसं मी त्याला सांगितलं. तो मान हलवून पुन्हा कुटू लागला. मला रत्नागिरी आठवली. माझं गाव निदान जागेवर होतं.

उरलेला गाळ फेकायचा नियम होता. त्या दिवशी मी तो कागदात बांधून त्याला दिला. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"खारी हो गई," तो म्हणाला.