घागरीशिवाय विहिरीवर

"तुम्हाला लंबॅगो झालाय," जळगावचे डॉक्टर म्हणाले. मी पालथी पडून भिंतीकडे पाहत होते. लंबॅगो म्हणजे कमरेचे स्नायू असे आखडतात की माणसाला वाकता येत नाही, वळता येत नाही. मणका मोडलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. विहिरीच्या काठावरून भरलेली घागर उचलताना कमरेत कट्‌कन काहीतरी झालं होतं. त्याला एवढं विलायती नाव असेल असं मला वाटलं नव्हतं.

भडगावचा माझा भाऊ सोबत आला होता. आमच्या फैजपूरहून सावदा स्टेशनापर्यंत बैलगाडीत प्रत्येक खड्ड्याला मी त्याचा दंड धरत होते. परतताना तो म्हणाला, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी येतो. तोवर तुझं पाणी तू ओढायला लागलीस तर ठीक, नाहीतर माझ्याकडे चल, कायमची. भावजय चांगली आहे. तिच्या चांगुलपणावर उरलेला जन्म काढायचा, याचीच मला धास्ती होती. नवरा गेल्यापासून माझ्या घराची कडी मीच लावत होते आणि मीच काढत होते.

मग फळीवर पडून राहणं सुरू झालं. गरम विटेचा शेक, तेल, आणि आढ्याकडे पाहणं. पुतण्याची बायको दारात दोन हंडे ठेवून जायची. "बरं हाये ना?" असं विचारायची, पण उत्तर ऐकायला थांबायची नाही. तिचंही घर होतं. कूस वळताना ओरडावंसं वाटायचं, पण ओरडून ऐकणार कोण? ज्यांना हे दुखणं होईल त्यांना सांगते, कमरेपेक्षा हे जास्त दुखतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता पडून राहिलात तर कंबर कायमची लाकूड होईल. निजल्या निजल्या गुडघा पोटाशी घ्यायचा, एकेक करून. मग चालायचं. घरापासून जवळ काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, केळीच्या मळ्यातली विहीर. "मग रोज तिथवर जाऊन या. हात मोकळे हवेत. घागर नाही, बादली नाही, काही नाही."

पहिल्या दिवशी निम्म्या वाटेवरून परतले. पुढे हळूहळू विहीर गाठली. काठाला हात टेकून दम घ्यायचा, पाण्याकडे पाहायचं आणि मागे फिरायचं. गंमत म्हणजे आता तिथे नेहमी कुणीतरी असायचं. मळ्यातला सालदार पाटाचं काम सोडून बिडी ओढत बसलेला असायचा. शेजारची म्हातारी अक्का एकच फडकं घेऊन धुवायला यायची आणि ते धुऊन संपायचंच नाही. तिचं-माझं बोलणं जेमतेमच होतं. पण ती माझ्या मागोमाग गुडघे धरत परत यायची.

एक दिवस तिनं मला वाटेतच अडवलं.

"काहून वं बाई? घागर नही, बादली नही, अन रोज इहिरीवर जातं. काय हाये तुह्या मनात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे बाई रिकाम्या हातांनी विहिरीवर जाते ती एकाच कामाला. मी व्यायाम करत होते आणि गाव माझा पहारा करत होतं. तसला विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता असं नाही. शिवला होता, पण फळीवर असताना, आणि तेव्हा विहिरीपर्यंत जायचं बळच नव्हतं.

"अक्का, डॉक्टरनं सांगतलं चालाले," मी म्हणाले.

"आधी नही सांगता आलं? माह्या गुडघ्यायचं भुस्कट झालं!" अक्का फणकारली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी वाट मोकळी होती. सालदार पाटावर, अक्का तिच्या ओट्यावर. मी एकटीच विहिरीपर्यंत गेले आणि आले. कंबर मुळीच दुखली नाही, आणि मला रडू आवरेना. इतके दिवस मी कुणाला हाक मारली नव्हती. आपलं आपण करावं, याचाच मला ताठा होता. डोळे पुसून मी अक्काच्या ओट्याशी उभी राहिले.

"अक्का, उद्या माह्यासंगं येशीन?"

"आता कशाले? तू काही पडत नही इहिरीत."

"पडत नही. पण एकटीनं चालवत नही."

अक्कानं दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "येईन. अन घागर मी घेईन. दोघींचं पानी मीच वढीन."

आखाजीला भाऊ आला. पाणी मला तेव्हाही ओढता येत नव्हतं. अक्कानं ओढलेलं पाणी तो प्याला, पुरणपोळी जेवला आणि भडगावला एकटाच परत गेला.