आठ तासांचा नियम आणि आमची झोप

चार ड्रायव्हर बोईसरच्या टपरीवर बसले, की पहिल्या चहाला डिझेलचा विषय निघतो आणि दुसऱ्याला झोपेचा. ऐंशीच्या दशकात मी तारापूरच्या कारखान्यांचा माल दिल्लीला न्यायचो. ट्रकमध्ये माल मावायचा, किस्से मावायचे नाहीत! आणि बहुतेकांत हसं माझंच.

*

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पाटी लागली, 'ड्रायव्हरने दिवसात आठ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये.' मी खूश!

"साहेब, मग माल दोन दिवस उशिरा पोचला तर चालेल ना?"

"छे! माल परवाच पाहिजे."

"आठ तासांत कसं जमणार?"

"आठ तास चालवायची," मॅनेजर म्हणाले. "उरलेल्या वेळात पोचायचं!"

मी मान डोलावली. म्हटलं, साहेब शिकलेले आहेत, काहीतरी असेल त्यात.

*

सरावलीच्या खोलीवर पोचलो की मी भर दुपारी आडवा व्हायचो. पण झोपेतही पाय ब्रेक मारायचा. बायको सोसायची. एकदा मात्र कडाडली, "अवो, ब्रेक मारा, गिअर टाका, काय नाय म्हणत! पन हॉर्न समजून माजं नाक दाबू नका!"

शेजारच्या खोलीतून आवाज आला, "वाजला का?"

*

ट्रकवरचा माझा जोडीदार ड्रायव्हर भास्कर सातपाटीचा, होडीवर वाढलेला. म्हणायचा, "आमी मासळीवानी डोळे उघडे ठेवून झोपतो. काय होत नाय!"

एका दुपारी मासवणजवळ तो गाडी चालवत होता. माझं काम एकच, बडबड करून त्याला जागं ठेवायचं. बडबडता बडबडता मीच झोपलो! डोकं काचेवर आपटलं तेव्हा ट्रक शेतात, आणि समोर हातभरावर एक म्हातारा कुदळ धरून उभा. भास्करचे डोळे मात्र खरंच उघडे होते!

म्हाताऱ्याने चाकं बघितली, मग आम्हाला बघितलं. "नांगरट कालच झाली. उशीर केलात!"

मग आंब्याखाली घोंगडी अंथरून दिली. "झोपा आता मुकाट." त्या दिवशी भास्कर डोळे मिटून झोपला.

*

आणि ते बोईसरचं रेल्वे फाटक! रांगेत मी पहिला. फाटक बंद, इंजिन बंद, डोळेही बंद. जाग आली तेव्हा फाटक सताड उघडं, आगगाडी कधीच गेलेली. आता मागून शिव्या पडणार! पण एक हॉर्न नाही. भीतभीत खिडकीतून वाकून मागे पाहिलं. मागच्या ट्रकवाल्याची मान स्टिअरिंगवर. त्याच्या मागच्याचीही. त्याच्याही मागच्याची.

इतक्यात फाटकवाला खिडकीशी आला. मी घाईघाईने चावी फिरवायला गेलो.

"राहू द्या, दादा," तो म्हणाला आणि फाटक पाडायला वळला. "दुसरी गाडी येतेय. झोपा अजून थोडं!"