मल्लिनाथचा कापसातला स्टुडिओ

तलवाड्यात विश्वेश्वर अप्पांचं किराणा दुकान शोधायला कोणाला पत्ता विचारावा लागत नसे. गुळाचा आणि रॉकेलचा वास एकत्र आला की समजावं, दुकान आलं. गादीवर स्वतः अप्पा, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा एकुलता एक मुलगा मल्लिनाथ. बसायचा खरा, पण बसल्यासारखा नसायचा. गिऱ्हाईक तूरडाळ मागायचं आणि हा तागडीच्या साखळ्यांची किणकिण ऐकत राहायचा. अप्पा कावायचे, "ह्येला डाळ मागा, ह्यो ताल देतो. असल्यानं दुकान चालंल व्हय?"

पेटी तो गावच्या भजनी मंडळात शिकला होता. हात चांगला होता, आणि हात चांगला असला की माणसाला जागा पुरत नाही. त्यात दिवस कॅसेटचे. देशाचे दरवाजे उघडले म्हणून पेपरात मोठमोठे लेख यायचे. तलवाड्याला त्यातून काय मिळालं असेल तर शाम्पूची पुडी, केबलची तार आणि ढिगानं कॅसेटी. पानटपरीवर कॅसेट, काळ्यापिवळ्या जीपमध्ये कॅसेट, न्हाव्याच्या खुर्चीसमोर कॅसेट. सगळी गाणी बाहेरून आलेली. आपल्या रानातलं, आपल्या माणसाचं गाणं या डबीत का नसावं, हा किडा मल्लिनाथच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

किड्याला खतपाणी मिळालं औरंगाबादला. गेवराईच्या एका मंडळानं तिथल्या स्टुडिओत भजनं भरली तेव्हा पेटीला मल्लिनाथ होता. पेटी वाजवता वाजवता त्यानं डोळे भरून तिथली खोली पाहिली. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. बोललं की आवाज ओठाबाहेर पडून तिथंच विझायचा. गाणाऱ्यानं कानांवर मोठाले हेडफोन चढवलेले. मल्लिनाथनं मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या: भिंती मऊ पाहिजेत आणि कान झाकलेले पाहिजेत. दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळं कोणाला काही विचारायची गरज त्याला वाटली नाही. नवशिक्या माणसाची पहिली चूक बहुतेक हीच असते.

मऊ भिंती घरातच होत्या. अप्पांचं शेत काळ्या जमिनीचं, आणि वेचणी झाली की सगळा कापूस घरामागच्या माळवदाच्या खोलीत भरला जाई. सरकारी खरेदी केंद्रावर गाडीचा नंबर लागेपर्यंत तो तिथंच. पार तुळयांना टेकायचा. मल्लिनाथनं दाराजवळ कापूस मागं रेटून दोन माणसं बसतील एवढी गुहा केली, आत शिरून एक टाळी वाजवली आणि तो आनंदानं लाल झाला. टाळी विझली होती. औरंगाबादच्या खोलीत विझली होती, अगदी तशीच.

मग सामान. बीडच्या बाजारातून जुना, दोन कॅसेटांचा टेप आला. त्याचं आवाज भरायचं बटण वर उसळायचं म्हणून त्यात काडेपेटीची काडी खोचावी लागे. माइक मांडववाल्या त्रिंबककडून. लग्नसराई नव्हती, म्हणून त्यानं हसत दिला. तो तुळईला नाड्यानं टांगला. तोंडाची फुंकर माइकवर फट्कन आदळते हे दुसऱ्याच दिवशी कळलं, तेव्हा चाळणीच्या कड्यावर आईच्या जुन्या पातळाचा तुकडा ताणून बांधला. आई, शांतादेवी, म्हणाली, "चाळनीची वाट लावलीस. आता पीठ माइकातून चाळू का?"

विजेचं तर विचारूच नका. वीज असली की शेजारची पिठाची गिरणी चालू, आणि गिरणी चालू की कॅसेटीत नुसती घरघर. वीज गेली की गाव गप्प, पण टेपही गप्प. शेवटी सेल घातले आणि वीज जाण्याची वाट बघणारा तलवाड्यातला एकमेव माणूस म्हणून मल्लिनाथ प्रसिद्ध झाला.

अप्पांनी हे सगळं गादीवरून पाहिलं. एके सकाळी, दुकानात दोन-चार माणसं उभी असताना, ते म्हणाले, "कापूस हाय तवर कर काय करायचं ते. खोली रिकामी झाली की हे समदं गुंडाळायचं आन् गादीवर बसायचं. पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. बोल, कबूल?"

मल्लिनाथ "कबूल" म्हणाला. न म्हणून जातो कुठं? अप्पांनी चारचौघांत दिलेला शब्द कधी फिरवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. उधारी नाही म्हटलं म्हणजे नाही, मग सख्खा मेहुणा का असेना. म्हणजे कापूस घरात आहे तोवर एक तरी कॅसेट बनली पाहिजे; मग आहेच जन्मभर डाळ.

गाणारा कोण, हे त्यानं आधीच ठरवलं होतं: बंकट धनगर. संक्रांत झाली की बंकटची मेंढरं अप्पांच्या रानात बसत. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचा पाला खात, रात्री तिथंच त्यांचा वाडा पडे; रानाला खत मिळे आणि बंकटला अप्पांकडून ज्वारी. हा बंकट एक हात कानावर ठेवून ओवी म्हणायला लागला की माळावर चालणारा माणूस थांबायचा. मल्लिनाथ लहानपणापासून थांबत आला होता.

"बंकटमामा, तुमचा आवाज कॅसेटीत भरायचा."

"भर की. त्येला काय कुलूप हाय व्हय?"

बंकट घोंगडं सावरत कापसाच्या गुहेत येऊन बसला. सवयीनं त्याचा हात कानाकडं गेला. मल्लिनाथनं तो हळूच खाली घेतला आणि आपला लोकरी मफलर बंकटच्या दोन्ही कानांवरून गच्च आवळला. कान झाकलेले पाहिजेत ना! हेडफोन नव्हते, मफलर होता. "मोठे गायक असंच गातात," त्यानं सांगितलं. बंकट बिचारा मोठ्या गायकासारखा बसला.

पहिला "हो" घातला आणि तो गोंधळला. आवाज गेला कुठं? पुन्हा घातला, आणखी मोठ्यानं. कापसानं तोही गिळला. भिंत उत्तर देईना, कान झाकलेले, स्वतःचं गाणं स्वतःला ऐकू येईना. आपलाच आवाज कमी पडतोय असं वाटून बंकट चढत गेला, चढत गेला, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. मल्लिनाथला वाटलं, माणूस रंगात आलाय. कॅसेट संपली तेव्हा बंकटला खोकल्याची उबळ आली. टेप वाजवून बघितला तर आत कोणीतरी नुसतं ओरडत होतं.

"ह्यो मी न्हाई," बंकट घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि उठून गेला.

त्याचा आवाज बसला तो बसलाच. गाणं राहू द्या, मेंढरांना हाकारा घालता येईना. मेंढरं माणूस ओळखतात ती आवाजानं; असल्या फाटक्या सुराकडं ती ढुंकून बघेनात. चार-पाच कोकरं कोणाच्या तरी गव्हात शिरली, शिव्या खाव्या लागल्या, आणि पन्नाशीचा बंकट आपल्याच कळपामागं धावून धावून दमला. त्याची बायको साखराबाई दुकानात आली ती पदर खोचूनच.

"मल्लू, आमच्या मान्साचा आवाज काय वानसामान हाय? घेतला आन् पुडीत बांधला? काहून आवळलास रं त्येच्या कानाला मफलर?"

गिऱ्हाइकं हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी बंकटच्या घशासाठी गूळ आणि हळद बांधून साखराबाईच्या हातात दिली. मल्लिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅसेट फुकट गेल्याचं दुःख होतंच, पण त्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की ज्या आवाजापायी हा सगळा खटाटोप, तोच आवाज आपण आपल्या हातानं मोडला.

तो वाड्यावर गेला. वाघरीच्या जाळ्याआड मेंढरं बसली होती. बंकटनं त्याला घोंगडीवर जागा दिली. राग धरणारा माणूस नव्हता तो.

"मल्लू, माळावर वरडलं की टेकडी वळून 'व्हय' म्हनती. मंग मानूस फुडची ओळ टाकतो. तुज्या खोलीत 'व्हय' म्हनायला कोन हाय?"

मल्लिनाथनं टेप माळावरच नेऊन पाहिला, तर माइकात वारा असा घुसला की पोतं फरफटत नेल्याचा आवाज. माइक परत करायला तो त्रिंबककडं गेला तेव्हा मफलरची गोष्ट तिथं पोचलेली होतीच. त्रिंबक पोट धरून हसला.

"येडा का खुळा बे तू? हेडफोन कान झाकायला नसतो. त्येच्यात गानाऱ्याला त्येचाच आवाज ऐकू येतो. तू तर मान्साला भैरा करून गायला बशिवलं!"

म्हणजे लांबून बघून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या आपण. मल्लिनाथला हसूही येईना. माइक त्रिंबकनं परत घेतला नाही, "ऱ्हाऊ दे सराईपत्तुर" म्हणाला. पण माइक ठेवून करायचं काय? बंकटचा आवाज बसलेला, आणि खरेदी केंद्रावर अप्पांच्या गाडीचा नंबर लागलेला.

टेम्पो आला तो भर दुपारी. मजूर झोळ्या भरभरून कापूस बाहेर नेऊ लागले. मल्लिनाथनं टेप आणि माइक कोपऱ्यात सरकवून ठेवला आणि तोही मुकाट्यानं झोळ्या भरू लागला. आपलीच खोली आपल्याच हातानं रिकामी करायची, यासारखी शिक्षा नाही. अप्पा दाराशी उभे राहून माणसांना हाका घालत होते. निम्मी खोली मोकळी झाली होती आणि त्याच वेळी बंकट आपली ज्वारी न्यायला आला. त्याचा बसलेला आवाज एव्हाना सुटला होता.

"अप्पा, हायसा का?" म्हणत तो आत डोकावला, आणि थबकला. समोरच्या उघड्या भिंतीवरून त्याचा आवाज वळून आला होता. फार नाही, कारण उरलेला कापूस बाकीचा धरून ठेवत होता. बंकटनं खोलीकडं वर-खाली पाहिलं. मग हात कानावर ठेवून हलकेच म्हणाला, "हो..."

भिंत "व्हय" म्हणाली.

मल्लिनाथच्या हातातली झोळी गळून पडली. धावत जाऊन त्यानं माइक तुळईला अडकवला, बटणात काडी खोचली. वीज गेलेली होती, गिरणी गप्प होती. बंकटनं देवांची नावं घ्यायला सुरुवात केली होती, आणि देवांची नावं चालू असताना मधे बोलायचं नाही हा अप्पांचा नेम. मजूर जागच्या जागी बसले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तसे अप्पाच बाहेर गेले, "बंद कर बे ते," म्हणाले आणि परत दाराशी येऊन उभे राहिले.

ओवी अशी असते की गाणारा पुढं जे दिसेल ते तिच्यात घेतो. देव झाले, डोंगर झाले, मग बंकटची नजर खोलीवर आली.

काळ्या रानामंदी गं, पांढरी मेंढरं
येचून आनली गं, अप्पांनी घरला
आर्धी निगाली बाजारा, गाडीत बसून
आर्धी ऱ्हाऊ द्या मालका, वाडा करू नगा सुना

मजुरांना हसू फुटलं, पण ते तोंड दाबून हसले. धनगर कितीही अडला तरी सगळी मेंढरं विकत नाही. चार का होईना, वाड्यात ठेवतो; रिकामा वाडा पुन्हा भरत नाही, अशी त्यांची समजूत. बंकटला बापलेकातल्या अटीची काही कल्पना नव्हती. तो आपला कापसाला मेंढरं समजून गात होता. पण मल्लिनाथला ती अट आठवत होती, आणि अप्पांनाही. मल्लिनाथनं डोळे मिटून घेतले. ही आपली पहिली आणि शेवटची कॅसेट, हे त्याला कळत होतं, आणि तरीही इतकं सुख त्याला आजवर कधी झालं नव्हतं.

ओवी संपली. मग एका मजुरानं झोळी उचलली. "अप्पा, उरलेला भरायचा ना?"

अप्पा घरातल्या कणगीतली ज्वारीसुद्धा कधी तळापर्यंत झाडून घेत नसत. त्यांनी एकदा बंकटकडं पाहिलं, एकदा लेकाकडं. लेक टेपावर वाकला होता.

"ऱ्हाऊ दे तेवढा," अप्पा म्हणाले. "भाव वाढायचा हाय."

मजुरांनी एकमेकांकडं पाहिलं. खरेदी केंद्राचा भाव फळ्यावर लागलेला होता, आणि तो वाढत नसतो हे तलवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अप्पांना सांगणार कोण? टेम्पो अर्धाच भरून गेला. टेप चालूच राहिला होता, त्यामुळं अप्पांचं ते वाक्यही कॅसेटीत गेलं. मल्लिनाथनं ते पुसलं नाही. दोन कॅसेटांच्या त्या टेपवर एकेक करून त्यानं प्रती काढल्या, आणि गेवराईपर्यंत ज्यांनी ज्यांनी बंकटची ओवी ऐकली, त्या सगळ्यांनी शेवटी एक म्हातारा कापसाच्या भावाबद्दल बोलताना ऐकला.

मल्लिनाथ काही मोठा झाला नाही. सकाळी गादीवर बसे आणि दुपारी, वीज गेली की, मागच्या खोलीत शिरे. भजनी मंडळं आली, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाया आल्या, एकदा तर बंकटबरोबर साखराबाईही येऊन गायली. तो कापूस पिवळा पडला, त्यात उंदरांनी पिलं घातली. दरवर्षीचा नवा कापूस ओसरीवर रचावा लागे, आणि येता-जाता अडखळून शांतादेवी विचारी, "आवो, त्यो जुना कधी काडायचा?"

"भाव तर येऊ दे," अप्पा तागडीवरची नजर न काढता म्हणत.

खोली रिकामी झाली की सगळं गुंडाळायचं, असा शब्द होता. अप्पांनी तो शब्द शेवटपर्यंत मागं घेतला नाही. त्यांनी फक्त खोली रिकामी होऊ दिली नाही.