दगाभोचा कान

जात्र्याचा फोन आला तेव्हा मी एका शेतकऱ्याला मोटरचा पट्टा मोजून देत होतो. जात्र्या हा धडगावकडे, नर्मदेच्या धरणाच्या पाण्यावर बोट चालवणारा पावरा आदिवासी माणूस. फोनवर तो मोजकंच बोलतो. "शेठ, दगाभाऊ पाण्यात गेला." मला वाटलं, पंख्यात काही अडकलं म्हणून उतरला असेल. "मग वर आला की फोन दे त्याला," असं मी म्हणालोसुद्धा. पलीकडून वाऱ्याच्या आवाजातून जात्र्या म्हणाला, "वर नाय आला, शेठ."

याला सव्वा महिना झाला. दगाभो कोरीटचा, डिझेल इंजिनांचा मिस्तरी. माझं नंदुरबारला बेअरिंगचं दुकान. आमच्या घरात मारवाडी चालते, गल्ल्यावर अहिराणी, आणि ती मला शिकवली दगाभोनं, माझ्या चुकांवर पोट धरून हसत. त्याच्या नावाची लोक थट्टा करत, तेव्हा तो शांतपणे सांगायचा, "मन्हा पहिले तीन भाऊ जगनात नै, म्हनीसन माले दगा म्हनतस. यमले वाटस, दगड पडेल शे." पन्नाशी उलटली तरी यमाचं लक्ष गेलं नाही, याचा त्याला फार अभिमान होता. मला मात्र ते बोलणं कधी आवडलं नाही. अशा गोष्टी मोठ्यानं बोलू नयेत.

त्याची सगळी विद्या एका हातभर लांब पेचकसात, म्हणजे स्क्रूड्रायव्हरमध्ये होती. टोक चालू इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आतली कुठली बेअरिंग झिजली, किती दिवस टिकेल, हे तो इंजिन न खोलता सांगे. "इंजिन खोटं बोलत नै, शेठ. आपलंच ध्यान नै ऱ्हास." खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला मांडायचा, हा पेचकस सोडून. मी विचारलं तर म्हणाला, "कान कोनी पूजाले ठेवस का?"

मागच्या वर्षी जात्र्याची सून बाळंतपणात अडली. दगाभो त्या दिवशी योगायोगानं बोटीवरच होता. तिला बोटीत घालून इंजिन होतं तेवढ्या जोरात पळवलं, पण दवाखान्याकडचा धक्का दिसू लागला तेव्हा पोर गेलेली होती, पोटातल्या जिवासकट. त्यानंतर तो माझ्याकडे आला, बाकावर बसला आणि चहा बाजूला सारून म्हणाला, "आर्धा घंटा आगोदर पोचतूत ना, पोर वाची जाती." नंतर भेटला की हेच वाक्य. शेवटी सुरतेच्या भंगार बाजारातून त्यानं कुठल्याशा परदेशी गाडीचा सुपरचार्जर शोधून आणला, जात्र्याच्या बोटीच्या इंजिनाला बसवायला. टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरतो, हा फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर आणि आत जबरदस्तीनं हवा कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त जोर. तो सगळा जोर शेवटी खालच्या बेअरिंगांना सोसावा लागतो. मी बेअरिंग विकणारा, मला हे कळत होतं. "दगाभो, खालन्या बेअरिंगा जुन्या शेतस," मी म्हणालो. "दिवाळीले बदलसूत," तो म्हणाला, आणि पट्टा मीच काढून दिला.

चाचणी पाहायला मी गेलो होतो. बोट सुटली आणि सुपरचार्जरनं अशी शिट्टी धरली की काठावरच्या शेळ्या एकदम चढाकडे पळाल्या. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर आपटून ती शिट्टी परत येत होती. बोट वळणाआड गेली तरी आवाज पाण्यावर तसाच उभा राहिला. माझ्या शेजारची म्हातारी पावरीत काहीतरी पुटपुटत उठून निघून गेली. पण बोट खरंच पळाली. पुढच्याच आठवड्यात साप चावलेला एक माणूस वेळेवर धक्क्याला लागला आणि वाचला. दगाभोचं चुकलं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

शेवटचा तो दुकानात आला दुपारी, पट्टा ताणायचा बोल्ट न्यायला. पेचकस काउंटरवर ठेवला. "आते येनं काय काम, शेठ? शिट्टीमुये काहीच आयकू येत नै." मी हसलो. "चला, कानले बी आराम भेटना," म्हणालो. तोही हसला, बोल्ट खिशात टाकून निघाला. पेचकस तिथेच होता. मला दिसत होता. पेचकस राहिला, अशी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं...

पुढचं जात्र्यानं सांगितलं. भर पाण्यात इंजिन एकाएकी जाम झालं. शिट्टी थांबली आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं, थोडी शांतता. मग वारा सुटला, बोट आडवी झाली आणि पाण्याखालच्या बुडालेल्या सागाच्या शेंड्यावर चढून उलटली. माणसं बोटीतली रिकामी पिंपं धरून तरली. दगाभो खाली इंजिनाशी वाकलेला होता. इंजिन वर काढलं तेव्हा मी जाऊन पाहिलं. खालची बेअरिंग वितळून क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, चिकटली होती. बेअरिंग अशी एका दिवसात जात नाही. आधी बरेच दिवस ती टक टक करून सांगत असते. सुपरचार्जरचा पट्टा उतरवून, शिट्टी बंद करून पेचकस लावला असता तर त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पेचकस द्यायला मी कोरीटला गेलो. वहिनींनी, दगाभोच्या बायकोनं, मूठ हातात घेतली, पदरानं पुसली आणि परत केली. "तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या. घरमा ऱ्हायना तर मी दिनभर कानले लाईसन बसी ऱ्हासू."

आता तो काउंटरवर आहे. शेजारची मिरचीची चक्की सुरू झाली की काच थरथरते आणि पेचकस हळूहळू कडेकडे सरकत येतो. मी तो उचलून मागे ठेवतो. तीन शब्द होते, गिऱ्हाईक थांबलं असतं. ते तीन शब्द मी आता रोज म्हणतो, दुकानात कोणी नसताना, दाराकडे बघून... दगाभो, पेचकस ऱ्हायना.