खुब्यांचं पाणी

फर्डिनंडची जीभ अख्ख्या खाडीकाठाला ठाऊक होती. मिठागराच्या वाफ्यातलं पाणी बोटावर घ्यायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगून मोकळं व्हायचं. हे परवा पिकंल, ते अजून चार उन्हं मागतंय. मालकानं एकदा पाणी मापायची काचेची नळी मुंबईहून आणली होती. नळी एक बोलली, फर्डिनंड दुसरं बोलला, आणि चूक नळीची निघाली.

अशा माणसाच्या घरी मिठाला काय तोटा? दर हंगामाला गोणभर मीठ घरपोच यायचं. सुके बोंबील, सुकट, मिठातली कैरी आणि रेशनचा असला तरी ताटभर भात. फर्डिनंड चांगला आडवा भरलेला गडी. त्याची बायको उर्सुला त्याच्या निम्मी. दोघं चर्चला निघाली की शेजारची एमिली, फर्डिनंडची थोरली बहीण, ओट्यावरून म्हणायची, रांजन चालला, मागून झाकनी चालली.

एकावन्न सालचा पाऊस सरला आणि मिठागराचे बांध लिंपताना हा रांजण चिखलातच कलंडला. गड्यांनी बैलगाडीत घालून वसईला ॲन्सेल्म डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पाऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा दाबला. मग त्यांनी फर्डिनंडला बाहेर बसवलं आणि उर्सुलाला सांगितलं.

"रक्ताचा दाब फार आहे, बाई. सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या निघाल्यात, पण त्या महाग, तुम्हाला बारमाही झेपायच्या नाहीत. तेव्हा औषध तुमच्या चुलीवरच करायचं. भात बंद, पाव बंद, वजन उतरलं पाहिजे. आणि मीठ घरात दिसायलाही नको. हे सांभाळलंत तर माणूस राहील."

माणूस राहील, एवढंच उर्सुलानं गाठीला बांधलं. घरी आल्या आल्या तिनं मिठाची बरणी, सुकटीचं मडकं, कैरीचा सट सगळं उचलून एमिलीच्या घरी नेऊन ठेवलं. त्या वर्षीची गोण दारातूनच परत धाडली. त्याला नाही तर मलाही नाही, म्हणून स्वतःचा मूठभर भातही ती अळणीच गिळू लागली.

भात गेल्यावर एवढ्या मोठ्या पोटात घालायचं काय? उर्सुला बागायतदारांच्या वाडीत निंदणी-शिंपणीला जायची. घड उतरवला की केळ तोडून टाकतात, तिचा आतला पांढरा गाभा म्हशीपुढे जातो. उर्सुला तो मागून आणू लागली. केळफूल फुकट, शेवग्याचा पाला कुंपणाचा, कोंबड्या घरच्या. पूर्वी अंडी फेरीवाल्याला जायची, ती आता फर्डिनंडच्या ताटात पडू लागली. गाभ्याची भाजी पहिल्यांदा पुढ्यात आली तेव्हा तो तिच्याकडे बघून म्हणाला, "उद्या तांब्या घेऊन दूध काढाया नको बसू म्हंजे झालं."

दोघं पोटभर हसली. पण महिनाभरात हसणं आटलं. अंगरखा ढिला पडला, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, डॉक्टरांचा पाराही खाली आला, सगळं खरं. पण माणूस जेवायचाच थांबला. चार घास चिवडायचा आणि उठायचा. त्या जिभेला अळणी अन्न म्हणजे माती. तो तक्रार करत नव्हता, तेच उर्सुलाला जास्त लागायचं.

मग तिला खुबे आठवले, खाडीतले शिंपले. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात हातानं उकरून काढायचे, पैसा पडत नाही. खुबे चुलीवर ठेवले की आपलं पाणी सोडतात आणि तोंड उघडतात. ते पाणी फडक्यातून गाळून त्यातच कालवण करायचं. आणि खुब्यांच्या कालवणाला मीठ घालत नाहीत, हे खाडीकाठच्या पोरीला नहाण यायच्या आधी कळतं. उर्सुलाला तिच्या आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. का घालत नाहीत, हे कुणी विचारलं नव्हतं. बिनमिठाचं जेवण, असं उर्सुला समजली आणि देवाचे आभार मानून चिखलात उतरली.

पहिल्या दिवशी फर्डिनंडनं कालवणाचा घोट घेतला आणि थांबला. वाडगा तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. तिच्या पोटऱ्यांना अजून चिखल होता, तळपायाला शिंपल्यांनी चिरा पडल्या होत्या.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"गोड झालाय गं," तो म्हणाला, आणि वाडगा चाटूनपुसून साफ केला.

मग काय, ओहोटी आली की उर्सुला खाडीत. स्वतःसाठी ती थेंब ठेवायची नाही, सगळी ताकद त्या पाण्यात, ती त्याची. माणूस पुन्हा जेवायला लागला, बोलायला लागला, केळीच्या गाभ्यालाही नावं ठेवायला लागला. एमिलीसुद्धा म्हणाली, बायनं मेलेला उठवला.

नाताळानंतर दाखवायला नेलं तर पारा चढलेला. पुढच्या खेपेला आणखी वर. डॉक्टरांनी विचारलं, मीठ पडतंय का कुठे? उर्सुलानं मरियामातेची शपथ घेतली, एक खडा नाही. डॉक्टर म्हणाले, मग हे बाहेर खात असतील.

घरी येऊन ओट्यावर पाय ठेवताच तिचं तोंड सुटलं. "मी चिखलात मरते आनि तू आगरात मीठ चाटतोस? माझ्या गळ्यावर हात ठेव नि सांग."

फर्डिनंडनं खाडीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "चाटतो कवाकवा. पानी बघावा लागतं ना."

त्या दिवसापासून तिनं त्याला वाफ्यातल्या पाण्याला बोट लावू दिलं नाही. मालकाला स्वतः जाऊन सांगून आली. अठ्ठावीस वर्षं ज्या कामानं त्याला नाव दिलं ते गेलं. फर्डिनंड कुदळ घेऊन बांधावर जाऊ लागला, वाफ्याकडे पाठ करून. आठ दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही, पण वाडगा चुकवला नाही.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातल्या एका सकाळी तो वहाणा घालायला पायरीवर बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली, संध्याकाळी तोही गेला.

चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. दुपारी ॲन्सेल्म डॉक्टर समाचाराला आले, ओट्यावर टेकले. उर्सुलाच्या दारातून आयुष्यात कुणी उपाशी गेलं नव्हतं. आणि त्या दिवशी तिनं मुद्दाम खुबे आणले होते, त्याच्या आवडीचे. तिनं वाडगा भरून पुढे ठेवला.

डॉक्टरांनी एक घोट घेतला. मग तिच्याकडे बघितलं. "मीठ किती घातलंत?"

"खुब्यांना कोन मीठ घालतं, डाक्टर?"

"त्यांना हेच देत होतात? रोज?"

"ओहोटी साधेल तेवढे दिवस."

डॉक्टरांनी वाडगा अगदी हळू खाली ठेवला, आवाज होऊ न देता. त्यांनी हात जोडले, म्हणाले, तुम्ही फार केलंत, त्यांची वेळच आली होती. आणि घाईनं छत्री उचलून चालू लागले.

उर्सुला वाडग्याकडे बघत राहिली. अन्न टाकू नये म्हणून तिनं तो तोंडाला लावला. पाच महिन्यांत तिच्या जिभेला खारट लागलं नव्हतं. पहिल्याच घोटाला जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खाडीच होती ती, आख्खी. शिंपल्यात मिटून घेतलेली आणि तिनं गाळून त्याला पाजलेली.

मग तिला आठवलं, तो पहिल्या घोटाला थांबला होता.

वाफ्यातल्या एका थेंबानं पाण्याचे दिवस मोजणारी जीभ ती. तिला कळलं नसेल? पहिल्या दिवशीच कळलं होतं. आगरात त्यानं कधी काही चाटलं नव्हतं. खाल्लं ते तिच्या हातचं, आणि आळ घेतला तो स्वतःवर. चवीसाठी गप्प बसला, की तिच्या चिरलेल्या पायांसाठी? आता कुणाला विचारणार?

कुंपणापलीकडून एमिलीनं विचारलं, "डाक्टर काय बोलला गं?"

"काय नाय," उर्सुला म्हणाली. "वेळ आली होती, बोलला."

चुलीशी टोपलीत उरलेले खुबे होते. ओल्या फडक्याखाली ते मधूनच चुळकन पाणी सोडत होते. तिनं टोपली उचलली, अनवाणीच खाडीवर गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती उलटी केली. भरती चढत होती. पाणी कमरेला लागलं तरी ती रिकामी टोपली धरून तिथंच उभी होती, आणि काठावरून एमिली तिला नावानं हाका मारत होती.