आधी पाणी, मग नाव

हसणार नसाल तर सांगतो. नाही, तुम्ही हसालच, मला माहीत आहे. निदान हातातला चहा तरी संपवून घ्या, उगाच ठसका लागायचा. माझ्या आयुष्यात फजित्या कमी झाल्या नाहीत, पण पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी मी जी अक्कल पाजळली, तिला तोड नाही.

मी मुळातच भित्रा. कचेरीत तीस वर्षं बाबूगिरी केली, ती साहेबाच्या बुटांचा आवाज ओळखून. निवृत्त झालो आणि साहेबाची जागा मोबाइलनं घेतली. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर 'सावधान' लिहिलेलं काहीही आलं की मी ते आधी दहा जणांना पाठवतो, मग वाचतो. बायको, सुजाता, म्हणते, "तुमच्यापेक्षा चौकातला भोंगा बरा. तो कधीतरी बंद असते."

आमचं घर नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरून थोडं आत. समोर छपरी आहे. टिनाचं छप्पर, एक लांब बाक, कोपऱ्यात माठ, माठावर गडू आणि बाजूला डब्यात गूळ. आमची प्रज्ञा म्हणते, "बाबा, छपरी म्हणू नका, आजकाल ती शिवी झाली. पोर्च म्हणा." म्हणू एखाद्या दिवशी. पण पोर्चमध्ये गाडी लावतात, आणि आमच्याकडे तिथं माणसं बसतात.

या छपरीला माझ्या वडिलांचा एक कायदा आहे. आधी पाणी, मग नाव. लहानपणी ते उन्हातान्हात चालत एका गावात पोचले, एका घरी पाणी मागितलं, तर घरवाल्यानं आधी आडनाव विचारलं. यांनी सांगितलं. पाणी आलं नाही. पुढे दीक्षा घेतली, नागपूरचेच झाले, घर बांधलं, तेव्हा त्यांनी भांडीकुंडी आणायच्या आधी माठ आणला. म्हणाले, "इथं बसलेल्या माणसाले पाणी पिऊन होईपर्यंत नाव विचारायचं नाही. गाव नाही, काम नाही, काहीच नाही." वडील गेले. माठ दर उन्हाळ्यात नवा येतो, कायदा तोच आहे. ट्रकवाले, टपालवाले, पत्ता चुकलेले, सगळे बसून जातात.

तर यंदा प्रज्ञाच्या लग्नाचं जमत आलं होतं. मुलगा निखिल, ती नोकरी करते त्याच दवाखान्यात कामाला. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आम्हालाही मुलगा आवडला होता. पण निखिलचे वडील तो लहान असतानाच गेले, त्याला मामानं वाढवलं, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. मामा काटोलकडचे शेतकरी. त्यांची रीत अशी की ते कळवून येत नाहीत. कळवून गेलं तर घर दिसत नाही, तयारी दिसते, असं म्हणतात. या आठवड्यात कधीही येतील, एवढाच निरोप. फोटो मागितला, तर मामा फोटो काढू देत नाहीत.

प्रज्ञानं मला समोर बसवलं. "बाबा, ते आले तर घाबरू नका. पाणी द्या, दोन शब्द नीट बोला. माझ्यासाठी एवढं करा."

"मी काहून घाबरतो?" मी म्हटलं.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

मंगळवारी दोघी बर्डीच्या बाजारात गेल्या, मामांसाठी नवे कप आणायला. घरी मी एकटा. बाहेर ऊन असं की गल्लीतलं कुत्रं नालीत जाऊन बसलं होतं. साडेबाराला फाटक वाजलं.

आता तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात नागपुरात सगळेच दरोडेखोर दिसतात. डोक्यातोंडाला दुपट्टा, वर काळा चष्मा. पण हा माणूस दाराच्या मापाचा होता. हातात लोखंडी सळई, चांगली हातभर लांब. ती त्यानं भिंतीला टेकवली, बाकावर बसला आणि माठाकडे बोट केलं.

कायदा म्हणजे कायदा. मी गडू भरून दिला. त्यानं दुपट्टा हनुवटीखाली ओढला आणि घटाघटा रिकामा केला. पुन्हा दिला. असे चार गडू झाले. गूळही दिला. आता नाव विचारायची पाळी माझी. मी सळईकडे बघत गुळाच्या डब्याचं झाकण लावत बसलो.

"काका, घरी एकटेच का?" त्यानंच विचारलं.

"छे, छे. आत तिघं झोपून आहेत. एक पोलिसात आहे."

"झोपू द्या, झोपू द्या," तो म्हणाला.

नेमका तेव्हाच खिशात मोबाइल थरथरला. ग्रुपवर निरोप होता. सावधान, नवी टोळी. आधी एक धिप्पाड माणूस पाणी प्यायला बसतो आणि घर हेरतो. मग पिशवीवाला म्हातारा येतो, कारण म्हाताऱ्यावर कोणी संशय घेत नाही. हत्यारं पिशवीत असतात.

आयुष्यात पहिल्यांदा मी निरोप पुढे पाठवायच्या आधी पूर्ण वाचला. "चहा टाकतो," असं पुटपुटत आत सटकलो आणि दाराला वरची खालची अशा दोन्ही कड्या घातल्या. डोक्यात हेल्मेट घातलं, खलबत्त्यातला बत्ता हातात घेतला. कूलरच्या घरघरीत बाहेरचं ऐकू येईना, म्हणून कूलर बंद केला. मे महिना, बंद खोली, डोक्यात हेल्मेट. खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो.

पाच मिनिटांत फाटक पुन्हा वाजलं. म्हातारा. धोतर, पांढरा सदरा, काखेत गच्च भरलेली पिशवी.

तुम्ही म्हणाल, अहो, हे मामा असतील एवढं कसं डोक्यात आलं नाही? आलं असतं. पण तो धिप्पाड माणूस उठला, म्हाताऱ्याला हात दिला, "या बाबा, बसा. आधी पाणी घ्या," म्हणाला आणि माझ्याच माठातलं पाणी माझ्याच गडूतून त्याला दिलं. वर गुळाचा खडा हातावर ठेवला. एका टोळीचे नसते तर एवढी आपुलकी कशाला? दुपट्टा सोडून, शर्ट खुंटीला टांगून तो बनियनवर बसला होता, घर बापाचं असल्यासारखा.

दोघं बोलू लागले. अर्धं ऐकू येत होतं, अर्धं माझ्या छातीच्या धडधडीत बुडत होतं.

"पोरगी एकच ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एकच हाये, बाबा."

"लय जीव असन तिच्यावर."

"असनच ना. पण कधीतरी जाईनच ते."

म्हणजे यांना पैसाअडका नको होता. यांना माझी प्रज्ञा पाहिजे होती.

स्वतःच्या जिवाची भीती मला रोजची आहे, तिची सवय झाली आहे. ही भीती वेगळी होती. दार उघडून दोघांवर तुटून पडावं असं मनात आलं. मनातच राहिलं. मी सुजाताला फोन लावला आणि कुजबुजलो, "घरी येऊ नका. प्रज्ञाला तर आणूच नको. छपरीत टोळी बसली आहे. दोघं आहेत."

"पाणी दिलं का?"

"अगं, टोळी आहे म्हणतो ना."

"ऐकलं. पाणी दिलं का?"

"एकाला दिलं."

"अन दुसऱ्याले?"

"त्याला पहिला देऊन राहिला."

मग म्हणाली, "दुसरा म्हातारा आहे का? धोतरवाला?"

"तुला कसं कळलं?"

"हात नका लावू त्याले," म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, बिचारी माझ्या काळजीनं म्हणते आहे.

थोड्या वेळानं कोपऱ्यावरून ट्रकचा हॉर्न वाजला. धिप्पाड उठला, शर्ट घातला, सळई उचलली. म्हाताऱ्याला हात जोडून म्हणाला, "येतो बाबा, काम आलं. तुम्ही आरामात बसा. पाणी आहेच." आणि गेला. आता म्हातारा एकटा होता. तरी मी हललो नाही. निरोपात स्पष्ट लिहिलं होतं, हत्यारं पिशवीत असतात.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. सुजाता उतरली, मागून प्रज्ञा. माझी पोर हसत हसत सरळ त्या म्हाताऱ्याकडे निघाली.

मग मात्र मला काय झालं, मला माहीत नाही. कड्या काढल्या, दार उघडलं आणि बत्ता उगारून बाहेर उडी मारली. "प्रज्ञा, मागे हो."

प्रज्ञा त्याच वेळी हात जोडून म्हणत होती, "जय भीम, मामा."

माझा हात वरच राहिला. बत्ता वर, मी खाली, डोक्यात हेल्मेट, अंगावरून घामाच्या धारा.

मामांनी मला खालून वर नीट पाहिलं. घाबरले नाहीत. उठले, माठातून गडू भरला आणि माझ्यासमोर धरला. "निथळून राहिले तुम्ही, भाऊ. आधी पाणी घ्या. मग नाव सांगा."

मी हेल्मेटसकट प्यालो. निम्मं पाणी शर्टावर गेलं.

"आता सांगा. कोण आपण?"

छपरी माझी, माठ माझा, कायदा माझ्या बापाचा, आणि मला माझं नाव सांगता येईना. मुलीचा बाप म्हणावं तर सोयरिक तिथंच मोडणार. मी म्हटलं, "मी... मागच्या खोलीत राहतो. भाड्यानं."

सुजातानं कपाळाला हात लावला.

"घरमालक देवमाणूस हाये तुमचा," मामा म्हणाले. "आत्ताच गेला कामावर. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पहिले पाणी दिलं. पोरीचा विषय काढला तर डोळे भरले त्याचे. मी तेव्हाच ठरवलं, सून याच घरची करायची. तुम्ही काही शिका त्याच्यापासून."

मी मान डोलावली. शिकायला माझी तयारी होती. पण प्रज्ञा पुढे आली. "मामा, हे भाडेकरू नाहीत. हेच माझे बाबा आहेत."

"मग तो कोण होता?"

"असेल कोणी ट्रकवाला," सुजाता हळूच म्हणाली. "चाक खराब झालं की इथं येऊन बसतात."

"नाव काय त्याचं?"

पाणी देऊन झालं होतं, नाव विचारायचं राहिलं होतं.

मामांनी माठाकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवीत हात घातला. मी एक पाऊल मागे सरलो, सवयच. पिशवीतून निघाले आंबे. ते सुजाताच्या ओटीत टाकून मामा म्हणाले, "ज्या घरी परका माणूस येऊन दुसऱ्या परक्याले असं पाणी देते, त्या घरची रीत खोटी नाही. सोयरिक पक्की. पण एक अट हाये."

"बोला ना," मी म्हटलं. जीव भांड्यात पडला होता.

"लग्नात पाहुण्यांले पाणी द्यायले दारात तो माणूस पाहिजे. तुम्ही आत बसा. कडी लावून."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्याला शोधत, ट्रक उभे असतात त्या गोदामांकडे स्कूटरवर फिरतो आहे. लग्नाची तारीख जवळ येते आहे. ऊन अजून आहे म्हणून तोंडाला दुपट्टा, आणि सुजाताचा हुकूम म्हणून डोक्यात हेल्मेट. उभ्या ट्रकपाशी जाऊन विचारतो, "धिप्पाड माणूस आहे, एका बैठकीत चार गडू पाणी पितो, त्याला एकच पोरगी आहे. ओळखता का?" ते नाव विचारतात. नाव माहीत नाही म्हटलं की काचा वर करून घेतात.

काल सकाळी ग्रुपवर निरोप आला. सावधान. तोंड बांधलेला एक इसम रोज गोदामांजवळ फिरतो आणि ड्रायव्हर लोकांच्या मुलींची चौकशी करतो. दिसल्यास धरून ठेवा. खाली फोटो होता.

मी सवयीप्रमाणे तो आधी दहा जणांना पाठवला, मामांनाही पाठवला. मग वाचला. मग फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, तेव्हा हेल्मेट ओळखीचं वाटलं.